निळा की काळा: नाथसागरावर डाउनरिगर निवडताना

देवगडहून निघालो तेव्हा स्टँडवर भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, "खंय चाललात?" आणि मी खरं तेच सांगत गेले, "संभाजीनगरला. मासे पकडायचं यंत्र बघायला." आमच्या शेजारच्या काकांना तर हसू आवरेना. "थंय समुद्र कधी इलो गो?" (तिथे समुद्र कधी आला?) असं म्हणत त्यांनी आमची पिशवी बसमध्ये चढवून दिली.

हसण्यासारखंच होतं ते. आमची एक लहान बोट आहे. पर्यटकांना गळाच्या मासेमारीसाठी खोल पाण्यात नेतो. सुकाणू माझ्याकडे आणि मागची बाजू माझ्या नवऱ्याकडे, सुधाकरकडे, अशी आमची वाटणी होती. गेल्या वर्षी तो जेटीवरच्या शेवाळावरून घसरला. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की या हाताने वजन ओढायचं नाही. त्यानंतर तो बोटीवर यायचाच बंद झाला. "नुसतो बसान काय करू?" एवढंच म्हणायचा. मी दुसरा माणूस घेऊन समुद्रावर जात होते, पण मागे वळून पाहायची इच्छा होत नसे.

खोल पाण्यात आमिष न्यायचं तर सुधाकर दोरीला जड शिसं बांधून हाताने सोडायचा आणि हातानेच ओढायचा. डाउनरिगर हे काम सोपं करतो. बोटीच्या काठावर बसवायची ती एक चरखी असते. तिच्या तारेच्या टोकाला शिशाचा गोळा. गळाची दोरी चिमट्याने त्या तारेला अडकवायची, गोळा हवा तितका खाली सोडायचा आणि बोट सावकाश चालवत राहायची. मासा लागला की चिमटा सुटतो. मग मासा आणि माणूस, मधे गोळ्याचं ओझं नाही.

पण घ्यायचा कुठला? मी महिनोन् महिने व्हिडिओ पाहत होते. एका कंपनीवाले दुसऱ्या कंपनीला नावं ठेवत आणि दुसरे पहिल्याला. शेवटी गळ टाकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पडेगावच्या प्रल्हाद दांडगे यांचा निरोप दिसला: दोन कंपन्यांचे दोन डाउनरिगर आहेत, एक द्यायचा आहे. मी फोन केला. कुठला द्यायचा आहे, असं विचारलं तर ते म्हणाले, "तेच तर आमच्यात ठरंना ताई. तुम्ही या, पाण्यात टाकून बघा. तुम्हाला आवडंल तो तुमचा, राहील तो आमचा."

सुधाकरला मी जवळजवळ ओढूनच नेलं. गाड्या बदलत, रात्रभर जागत आम्ही संभाजीनगरच्या गाडीत बसलो. सकाळी दौलताबादचा किल्ला दिसला. उन्हात तो डोंगर कुणी बाजूंनी तासून ठेवल्यासारखा उभा होता. आता आलंच, असं म्हणून आम्ही पाच मिनिटं डोळे मिटले आणि उघडले ते थेट मुकुंदवाडीला. शहराचं मोठं स्टेशन मागे गेलेलं. नशीब, गाडी या छोट्या स्टेशनात थांबली होती. पिशव्या घेऊन धडपडत उतरलो. फलाटावर उभं राहून सुधाकर हसायला लागला. "देवगडच्या खाडीत अंधारात बोट लावतंस आणि हयसर स्टेशन चुकलंस?" बऱ्याच दिवसांनी त्याला असा हसताना पाहत होते, म्हणून मी तोही झोपला होता हे बोलले नाही.

पडेगाव शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, दौलताबादच्या रस्त्यावर. म्हणजे रेल्वेने ओलांडलेलं शहर आता रिक्षाने उलटं ओलांडायचं. जालना रोडवर गर्दी तुंबली होती. रिक्षावाले चाचा बोलके होते. कशासाठी आलो ते कळल्यावर त्यांनी आरशातून आमच्याकडे निरखून पाहिलं.

"समंदर छोडके मच्छी पकडने यां आये? कायकू?"

"मशीन बघायला," मी म्हणाले.

"हौ, तो ठीक है. मशीन हमारे यां अच्छीच मिलती," ते म्हणाले, जणू तो डाउनरिगर वाळूजच्या एखाद्या कारखान्यातच तयार झाला होता. छावणीत त्यांनी स्वतःहून रिक्षा थांबवली आणि नानखलिया (तंदूरची मोठी रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खाल्ल्याशिवाय पुढे न्यायला नकार दिला. सुधाकरने डाव्या हाताने रोटी मोडायचा प्रयत्न केला, ती निसटली, तेव्हा चाचांनी त्याच्या ताटातल्या रोटीचे तुकडे करून ठेवले. रस्सा इतका सुरेख होता की त्याला अवघडायलाही वेळ मिळाला नाही.

प्रल्हादभाऊ मूळचे देवगाव रंगारीचे. घरची शेती त्यांचे भाऊ बघतात, हे शहरात कारखान्यात नोकरी करतात. सुट्टीचा दिवस मात्र पाण्यावर. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी शाळेत शिकवतात आणि गळ टाकण्यात नवऱ्याच्या चार पावलं पुढे आहेत, हे स्वतः नवऱ्यानेच दारात सांगून टाकलं. मला ताई आणि सुधाकरला दाजी (बहिणीचा नवरा) करून त्यांनी घरात घेतलं.

अंगणात बाजेवर दोन्ही यंत्रं मांडून ठेवली होती. कंपन्यांची नावं उच्चारताना चौघांच्याही जिभा अडखळत होत्या, म्हणून आम्ही त्यांना रंगांवरून हाक मारायला लागलो. निळा हाताने फिरवायचा. चरखी मोठी, दांडा लांब, गोळा अडवायला साधा ब्रेक. काळा बॅटरीवर चालणारा. बटण दाबलं की गोळा खाली, पुन्हा दाबलं की वर, आणि पाण्याच्या वर आला की आपोआप थांबणार. मला काळाच हवा होता. बटण दाबायला खांदा कशाला लागतो?

सुनंदावहिनी काळ्याचं कौतुक करताना थकत नव्हत्या. "लई आरामाचा हाय ताई. हाच घ्या."

प्रल्हादभाऊ लगेच म्हणाले, "बॅटरी संपली तर? खाऱ्या पाण्यात वायरी सडतील. निळाच घ्या. बिघडायला त्यात काही नायच."

मला वाटलं, काय प्रामाणिक माणसं आहेत, दोघंही मन लावून सांगताहेत. जेवताना सुधाकरनेच उलगडा केला. "वहिनी, तुमका निळो ठेवचो आसा ना? आणि भाऊंक काळो?" प्रल्हादभाऊंना असा ठसका लागला की पाणी आणायला धावावं लागलं. जो स्वतःला नको होता, तोच दोघं आमच्या गळ्यात मारत होती!

"व्हय," वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "धरलं तुम्ही आम्हाला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडीला बोट जोडून पैठणच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया रांगेने शेतात उतरत होत्या. पुढे उजवीकडे कच्च्या रस्त्याने आत वळलो आणि एका चढावरून नाथसागर दिसला. जायकवाडीच्या धरणाचं ते पाणी पाहून सुधाकर गाडीतच सरसावून बसला. पलीकडचा काठ दिसत नव्हता. "हेका सागर म्हणतत ता बरोबर," तो पुटपुटला.

गळाचा परवाना प्रल्हादभाऊंकडे होता. काळा त्यांनी उजव्या काठावर बसवला, निळा वहिनींनी डाव्या. सुकाणू त्यांनी मला दिलं. गोड्या पाण्यावर बोट निराळीच चालते, लाटेची उसळी नाही, नुसती सरकत जाते.

पहिली पाळी काळ्याची. भाऊंनी बटण दाबलं, गोळा गुणगुणत खाली गेला. मी सुधाकरकडे पाहिलं. तो बघत होता, पण रेल्वेच्या खिडकीतून बघावं तसा. थोड्या वेळाने भाऊंनी त्याला बोलावलं, "दाजी, दाबा की." त्याने एकदा दाबलं. गोळा वर आला. पुन्हा दाबलं. खाली गेला. "बरा आसा," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. मला एकदम वाईट वाटलं. खांद्याचा प्रश्न यंत्राने सोडवला होता, पण तो मात्र अजून बोटीवर आलेला नव्हता.

तेवढ्यात बोट एका बाजूला ओढली गेली. गोळा तळाशी कशात तरी अडकला होता. भाऊंनी बटण दाबून धरलं, यंत्र कण्हलं आणि गप्प झालं. फ्यूज उडाला. दोष यंत्राचा नव्हता, भाऊंनी गोळा जरा जास्तच खाली सोडला होता. जादा फ्यूज शोधायला त्यांनी सगळे खिसे उलटे केले आणि मग कपाळाला हात लावला. "दुसऱ्या पँटीत राहिला!"

सुधाकर उठला. तारेवर डाव्या हाताची दोन बोटं टेकवून क्षणभर उभा राहिला. "फातर नाय (दगड नाही). झाडाची फांदी आसा. हलता. वैशाली, इंजिन न्यूट्रल कर. आता मागे घे. हळू. अजून हळू. उजवीकडे."

मी तो सांगेल तसं करत गेले. तार सैल झाली, एक झटका बसला आणि गोळा सुटला. भाऊंनी तार हाताने ओढून घेतली. मला मात्र सुधाकरचा आवाज ऐकू येत राहिला. वर्षभरात त्याने मला बोटीवर एकही हुकूम दिलेला नव्हता.

"दाजी, इकडं या," सुनंदावहिनींनी हाक मारली. निळ्याच्या बैठकीचा खटका सोडून त्यांनी ती फिरवली, तशी फिरवायची मूठ सुधाकरच्या डाव्या बाजूला आली. "मी डावखुरी हाय ना. मला असाच लागतो. फिरवून बघा."

त्याने फिरवून पाहिलं. आधी बिचकत, मग सलग. गोळा खाली जाताना तो ब्रेक अंगठ्याने असा हलकेच दाबत होता की जणू तळ चाचपत होता. वर घेताना घाम आला, पण उजवा खांदा जागचा हलला नाही. त्यानंतर बराच वेळ त्याने कुणालाही मुठीला हात लावू दिला नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा निळ्याचा चिमटा फट्कन सुटला आणि वाकलेली गळाची काठी ताडकन सरळ झाली. "लागला!" भाऊ ओरडले. सुधाकरने काठीचं बूड पोटाशी टेकवलं, मधला भाग काठावरच्या खाचेत ठेवला आणि डाव्या हाताने रीळ फिरवायला लागला. वहिनींनी झर्रकन गोळा वर घेऊन वाट मोकळी केली. मी सुकाणू सोडून धावणार, तोच तो ओरडला, "तू थंयच ऱ्हव! बोट सांभाळ!"

मासा खाली गेला, बाजूला पळाला, दोनदा बोटीखाली घुसायला निघाला. प्रत्येक वेळी सुधाकर मला सांगे आणि मी बोट वळवे. शेवटी मासा वर आला तेव्हा लांबलचक शिवडा निघाला. रुंद जबडा, लांब मिशा, चांदीसारखं पोट. भाऊंनी जाळीत घेतला. सुधाकर धपकन खाली बसला आणि धापा टाकत हसत राहिला. त्याचे डोळे भरले होते. मी पाण्याकडे पाहायला लागले, नाहीतर माझेही दिसले असते.

काठावर बाभळीच्या सावलीत वहिनींनी चूल मांडली. येसर (भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ) लावून शिवड्याचा रस्सा केला, सोबत ज्वारीच्या भाकरी. गोड्या पाण्यातला मासा चिखलट लागतो असं आदल्या रात्री सांगणारे आमचे साहेब तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

जेवण झाल्यावर कुणीच यंत्राचा विषय काढेना. सुधाकरला निळा हवा होता, हे सगळ्यांना दिसत होतं. तो मागणार नाही, हेही. कारण वहिनींचाही हात त्याच मुठीवर बसलेला होता. मीच म्हणाले, "काळा चांगला आहे. तोच नेतो आम्ही."

सुनंदावहिनी उठल्या. पाना घेऊन बोटीवर चढल्या, निळ्याचे बोल्ट सोडवले आणि यंत्र दोन्ही हातांनी उचलून सुधाकरच्या मांडीवर आणून ठेवलं.

"वहिनी, नको. तुमचो आवडीचो..."

"मला बटणानं बी जमंल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाय जमायचं. सकाळी बघितलं की मी."

परतीच्या गाडीत सुधाकरने निळा वर फळीवर ठेवू दिला नाही. पायांपाशी घेऊन बसला.

आता लोक मला विचारतात, दोन्हींतली चांगली कंपनी कुठली? मी व्हिडिओत पाहिलेलं, वाचलेलं सगळं सांगते. काळ्यालाही नावं ठेवत नाही, नाथसागरावर वहिनी त्याच्यावरच मासे काढताहेत आणि फोटो पाठवताहेत. पण मी आधी विचारते, यंत्र कोण चालवणार आहे? त्या माणसाला एकदा पाण्यावर नेऊन ते फिरवू द्या. माझा विचार तर पडेगावच्या अंगणातच पक्का झाला होता आणि तो चुकला असता.

घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी पर्यटकांना घेऊन निघालो. बंदर मागे पडलं, पाण्याचा रंग बदलला. मागच्या बाजूने चरखीचा आवाज यायला लागला, थांबत, पुन्हा चालू होत. मी वळून पाहिलं नाही.

"वैशाली," मागून सुधाकरने हुकूम सोडला, "हळू कर गो. खाली मासो आसा."

मी वेग कमी केला.