डावा तळहात
भस्माचा कोरडा वास आला की मला शुक्रवार पेठेतल्या माझ्या सासरची देवखोली आठवते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला निघायच्या घाईत, दोरा बदलायचा म्हणून मी गळ्यातलं इष्टलिंग काढून खुंटीला अडकवलं आणि तशीच निघाले. आम्हा लिंगायतांत ते अंगावेगळं करत नाहीत. मी मात्र हिरव्या बांगड्या भरून होईपर्यंत बिनघोर हिंडले; मग गळ्याशी हात गेला तेव्हा आठवलं. घरी कुणी रागावलं नाही, म्हणून मीच स्वतःला शिक्षा केली आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी गिरणीचा सकाळचा भोंगा झाला, तसं सासूबाईंनी शेजारच्या जंगमांच्या, म्हणजे आमच्या गुरुघरच्या, म्हाताऱ्या अक्कांना बोलावलं. अक्कांनी मला देवखोलीत पाटावर बसवलं, कपाळाला भस्म लावलं आणि लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. "डोळं मिटू नगंस. त्याच्याकडं बगत ऱ्हा. श्वास येतोय, जातोय, येऊ दे की." नव्या बांगड्या किणकिणत होत्या. हळूहळू त्या गप्प झाल्या. मग अक्कांनी विचारलं, "खुंटीला कुठल्या हातानं लावलंस?" मी रडत म्हटलं, "ह्याच हातानं." "मग त्याच हातावर बसलाय की त्यो! त्याला ह्यो हात चालतोय, आन् तुला चालंना व्हय?" रडता रडता मला हसू फुटलं. चुलीवर भाकरी फुगत होती. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर मी तीन खाल्ल्या. पुढं याहून मोठ्या चुका केल्या, पण उपाशी कधी राहिले नाही. आधी डावा तळहात उघडून बघते, मग जेवायला बसते.