तळं अजून हिरवंच

गणिताच्या विभागात किस्से घडत नाहीत, असा लोकांचा समज आहे. आमच्याकडे तर ते मावेनासे झालेत. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच तोंड घालतो.

बहुतेक सगळे महादेवीमुळे. ही दुधनीची, आमच्याकडे पीएच.डी. करते. विषय, मंद्रूपपलीकडच्या एका गावाचं तळं. सांडपाणी वळवून तीन वर्षं झाली, तरी पाणी शेवाळानं हिरवंगार. गाव म्हणालं, हे आता असंच राहणार. बुजवू आणि वर बाजाराचे गाळे बांधू. महादेवीचं म्हणणं, ही कायमची अवस्था नव्हे, नुसता लांबलेला मुक्काम आहे. पण गावाला पटवणार कसं?

*

आधी तिच्या मॉडेलनंही गावाचीच री ओढली. कॉम्प्युटरवरचं तळं काही केल्या हिरवंच. आमच्या बिराजदार सरांना उत्तर मिळाल्याचाच आनंद! "सिस्टिम स्टेबल" असं जाहीर करून त्यांनी शनिवारी पेढे वाटले. महादेवी इतकी हिरमुसली, की प्रोग्राम बंद करायलाच विसरली. सोमवारी बघतो, तर स्क्रीनवरचं तळं मधेच केव्हातरी आपलं आपण नितळ झालेलं!

सरांनी चष्मा पुसून ग्राफ पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "पेढे परत गोळा करा."

*

मग सरांना ग्राफमधली थरथर खुपायला लागली. वारा, वळीव, ऊन यांचे बारीकसारीक धक्के तिनं मॉडेलमध्ये घातले होते. आम्ही त्याला नॉइज म्हणतो. "हा कचरा काढ, ग्राफ देखणा होईल," सर म्हणाले. तिनं काढला. ग्राफ देखणा झाला, आणि आठवडाभर चालवूनही तळं हिरवंच राहिलं.

"सर, धक्क्यानंच सुटतंय की ते," महादेवी म्हणाली. "टाकू का कचरा परत?"

*

ग्रामसभेत तिला एकच प्रश्न आला. "किती दिवस थांबायचं?"

ही पोरगी खोटं बोलेल तर शपथ! "सांगता येत नाही. दहा महिने, नाहीतर दहा वर्षं."

मी मनातल्या मनात गाळे मोजायला लागलो. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. "माजा नवरा दारू सोडंल म्हनून बावीस वर्सं थांबले. एक दिशी उटला आन सोडली. कारन इचारलं तर त्यालाबी म्हाईत न्हाय. तळ्याला दोन वर्सं द्या की!"

दिली. परतताना सर म्हणाले, "आपल्यापेक्षा बाईंनी सोपं सांगितलं."

*

रोजचं मोजमाप तिथले मासे धरणारे सिद्रामाप्पा करायचे. काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की बुडालेली दोरी मोजायची. वहीत महिनोन्‌महिने एकच नोंद, एक वीत. हे घरी बसूनच लिहितात, असा सरांना संशय. एकदा भर उन्हात ते स्वतः होडीत बसले आणि थाळी सोडली. एक वीत!

"पानीच बदलंना, तर मी कशाला बदलू?" सिद्रामाप्पा म्हणाले.

*

मुदतीचे तीन आठवडे उरले. गाळ्यांचा नकाशाही तयार झाला. महादेवी जेवणाचा डबा तसाच परत न्यायला लागली. मला तिची खरंच काळजी वाटत होती.

मंगळवारी सकाळी तिचा फोन वाजला. सिद्रामाप्पा होते. तिनं स्पीकर लावला.

"म्याडम, थाळी अजून दिसतीय, पन दोरी संपली. वहीत काय लिवू?"