चित्रपटानं दुरुस्त केलेला जिना

आमच्या गल्लीतल्या एका जिन्यावर चित्रपट निघाला. त्याच्या शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात, 'या चित्रपटामुळे हा जिना दुरुस्त झाला.' आता कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, तर कावळ्यानं थोडं मिरवावं, त्याला आपली ना नाही. पण इथं कावळा फांदीला मिठी मारून बसला होता, तुटू नकोस म्हणून.

जिना टाकेकाकूंचा. म्हणजे जिना घरमालकाचा, जीव काकूंचा. काकू तिसऱ्या मजल्यावर शिवणयंत्र चालवायच्या. कुणाची चेन बसव, कुणाची पँट आखूड कर. सगळ्या गल्लीची अब्रू त्यांच्या टाक्यांवर झाकलेली, म्हणून टाकेकाकू. जीभही सुईसारखी, जाईल तिथं भोक पाडून जायची. नवरा बसचा ड्रायव्हर. जन्मभर सगळं शहर इकडचं तिकडं नेलं, आणि शेवटी स्वतःच्या न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. हाड जुळलं, काठीवर चालता येऊ लागलं, पण जायचं कुठं? जिन्याच्या मधल्या पायऱ्या गेलेल्या, कठडा नावाला. काकू तेवढ्या जागी शेळीसारखी उडी मारायच्या. काका खिडकीत बसून रस्त्यावरच्यांना वाहतुकीचं शिक्षण द्यायचे, "अरे, वळताना हात दाखव की! हात काय सासऱ्याकडं गहाण ठेवलाय?"

मोडक्या जिन्याचा वास शहाण्या माणसांना लांबून येतो. आधी चित्रकार आला. त्यानं पडलेल्या पायऱ्यांशेजारच्या भिंतीवर पंख फुटलेली बाई रंगवली. काकू म्हणाल्या, "हिची सोय झाली. आता माझं बघा." चित्रकार म्हणाला, "काकू, ही तुम्हीच आहात." काकूंनी स्वतःची पाठ चाचपून बघितली.

मग वार्ताहर आला. त्यानं बातमी छापली. घरमालकानं ती वाचली नाही, पण त्याच्या विहिणीनं वाचली. विहिणीपुढं नाक कापलं गेल्यावर माणूस काय करणार? सुतार पाठवला, फळ्या पाठवल्या. लेखणीची ताकद म्हणतात ती हीच, फक्त मधे विहीण लागते.

पण तोवर दिग्दर्शकबाई येऊन पोचल्या होत्या आणि त्यांचा चित्रपट अर्धा होऊन बसला होता. सुतारानं हातोडी उचलली तशा बाई आडव्या आल्या. "थांबा! पायरीला हात लावू नका!"

"का? देवाची आहे का?" सुतार म्हणाला.

"कंटिन्युइटी! अर्ध्या चित्रपटात पायऱ्या मोडक्या आहेत. मधेच नव्या दिसल्या तर बघणाऱ्यांना खरं वाटणार नाही."

म्हणजे खऱ्यासाठी खोटं टिकवायचं. सुतार शहाणा. वाद घातला नाही. "माझं काय, बोलवाल तेव्हा येईन," म्हणून फळ्या जिन्याखाली टाकून गेला. त्या फळ्या काही फुकट गेल्या नाहीत बरं. पायऱ्या कशा नाहीत ते गुळगुळीत दाखवायला कॅमेऱ्याची गाडी त्या नव्याकोऱ्या फळ्यांवरून पळवली.

काकूंनाही तोच नियम. पहिल्या दिवशी अंगावर निळा गाऊन होता, तोच रोज. रोज धुवा, रोज घाला, आणि रोज बादली घेऊन उडी मारा. "चेहऱ्यावर थोडं दुःख, काकू."

"आधी बादलीत थोडं पाणी कमी करा, मग दुःखाला जागा होईल."

काकूंनी एवढं ऐकून घेतलं, कारण बाई म्हणाल्या होत्या की हा चित्रपट बघून शहरातले सगळे जिने दुरुस्त होतील. काका म्हणाले, "होऊ दे. शहर सरलं की आपला नंबर लागेल."

पण मग निरोप आला. काकांच्या बसवर सारा जन्म काढलेला कंडक्टर शनिवारी निवृत्त होणार होता. त्याची शेवटची फेरी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाणार होती. काकांनी सदरा काढून झटकला. "मी थांब्यावर उभा राहणार. खिडकीतून हात हलवायला मी काय नवी नवरी आहे?"

काकू दिग्दर्शकबाईंकडं गेल्या. बाईंचे डोळे पाणावले. "किती सुंदर! काकांना खिडकीतच बसवू या. बस जाते, ते बघत राहतात. सोमवारी सुतार बोलवा."

काकू वर गेल्या, कात्री काढली. शुक्रवारी सकाळी कॅमेरा लागला आणि काकू पिवळ्या गाऊनमध्ये आल्या.

"काकू, निळा कुठंय?"

काकूंनी उशी पुढं केली. "अभ्रा केला. ह्यांना खाली बाकावर बसायला."

"अहो पण कंटिन्युइटी!"

"आहे की. काल गाऊन, आज अभ्रा, उद्या पायपुसणं. कापड तेच."

सगळी मंडळी तसलंच निळं कापड हुडकायला बाजारात पळाली. दिवसभर दुकानं पालथी घातली, पण नेमका तो विटका निळा मिळेना. नवं कापड मिळतं हो, गरिबी मिळायला वापरावं लागतं. तेवढ्यात काकूंनी सुताराला हाक मारली. कॅमेऱ्याच्या गाडीखालच्या फळ्या आपल्या जागी गेल्या.

शनिवारी काका उतरले. एक हात कठड्यावर, एक काकूंच्या खांद्यावर. वाटेत पंखवाल्या बाईला म्हणाले, "सर जरा बाजूला, गाडी मोठी आहे." थांब्यावर पोचतात न पोचतात तोच दिग्दर्शकबाई कापडाचं गाठोडं घेऊन हजर. आधी जिन्याकडं बघून किंचाळल्या. मग काकांना बघून त्यांना सुचलं.

"काका! तुम्ही उतरलात! हाच तर शेवट! फक्त एकदा परत वर जाऊन उतराल का? कॅमेरा चालू नव्हता."

तेवढ्यात वळणावरून बस आली. दारात कंडक्टर, पांढऱ्या मिशा, डोळे खिडकीकडं वर लागलेले. खिडकी रिकामी बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"अरे खाली बघ, गाढवा!" काका ओरडले.

बस थांबली. कंडक्टर काठीला, माणसाला आणि उशीला एकदमच कवळून धरत होता.

"काका, प्लीज, एकदाच वर," बाई म्हणाल्या.

काका काठी काखेत मारून बसच्या दांड्याला धरत म्हणाले, "बाई, वर जाणारी गाडी दुसऱ्या थांब्यावर मिळेल."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. काकू उशी घेऊन मागं चढल्या.