नव्या रायफलीची पहिली सकाळ

काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप शिरायला लागले, तेव्हा सासऱ्यांची दुनळी बंदूक पार गंजून गेली होती. नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पीक राखायच्या बंदुकीचा परवाना माझ्या नावावर झाला. कॉलेजात असताना एनसीसीत नेम धरायला शिकले होते, एवढीच माझी तयारी.

नागपूरच्या दुकानदाराने जी रायफल दाखवली तिचं काडतूस बुडापासून तोंडापर्यंत खडूसारखं सरळ होतं. नेहमीच्या काडतुसासारखी त्याला पुढे निमुळती मान नव्हती. गोळी जड आहे, जवळून जोरात बसते, पण फार लांब जात नाही, असं तो म्हणाला. आजूबाजूला माणसांचा वावर असलेल्या शेतासाठी मला तेच हवं होतं. क्लबच्या मैदानावर चालवून पाहिली. खांदा दुखला, पण गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

वनखात्याची परवानगी एका रोह्यापुरती मिळाली. गावातली शेती माझे धाकटे दीर बघतात. उजाडता उजाडता आम्ही दोघं विहिरीच्या मोटारच्या खोलीआड जाऊन बसलो. थंडीने बोटं आखडली होती. थोड्या वेळाने एक मोठा नर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उतरला आणि लहान कलमांचे शेंडे ओरबाडू लागला. त्याची बरगडी माझ्याकडे वळली तशी मी गोळी झाडली.

त्याची पाठ वाकली. पण तो पडला नाही. काटेरी तारेचं कुंपण तोडून शेजारच्या पऱ्हाटीत घुसला.

पानांवर काळपट रक्त होतं. त्या शेतात कापसाची वेचणी सुरू होती आणि ऊन वर आलं की बाया येणार होत्या. दिरांनी शेतमालकाला फोन लावून पाहिला, त्याने उचलला नाही. जखमी जनावर कंबरभर पऱ्हाटीत दबून बसलेलं आणि त्याच्या अंगावरच एखादी बाई कापसासाठी कमरेला ओटी बांधून जायची. दिरांना म्हटलं, तुम्ही धुऱ्यावरच थांबा, आत येऊ नका. मी रक्ताच्या मागाने निघाले.

रोही उठला तो माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर. मी नळी उचलली आणि त्याच्या पाठीमागे मला दिरांचा पांढरा दुपट्टा दिसला. दुसऱ्या बाजूने तेही रोही शोधत आत आले होते.

"भाऊजी, खाली पडा," मी म्हटलं. ओरडावं इतका श्वास उरला नव्हता.

दुपट्टा दिसेनासा झाला. पण ते नेमके कुठे पडलेत ते आता कळेना. रोही मान हलवत माझ्याकडे बघत होता. रस्त्यावरून बायांचे आवाज यायला लागले. मी नळी खाली करून डावीकडे सरकत गेले. एकेक पाय चाचपत, ढेकळांवरून. तोही माझ्या बाजूने अंग वळवत राहिला. त्याच्यामागे उंच धुऱ्याची माती येईपर्यंत मी थांबले नाही. मग झाडली. तो जागच्या जागी बसला आणि कलंडला.

दीर उठले तेव्हा गालाला माती चिकटली होती. त्यांनी आधी रस्त्यावर जाऊन बायांना थांबवलं. वनरक्षक आला, पंचनामा झाला, दुपारी जेसीबीने खड्डा खणून जनावर पुरलं. दीर जेवायलाही आले नाहीत.

संध्याकाळी मी चहा घेऊन अंगणात गेले. आत काहून आले होते, असं मी विचारलं नाही. त्यांनी कप घेतला.

"वहिनी," ते म्हणाले, "मले तुम्ही दिसल्याच नाही. निस्ती नळी दिसली, इकडे वळलेली."

नळी तेव्हा कुणावर रोखली होती, घोड्यावर बोट होतं का, हे मला त्यांना सांगायचं होतं. बोट बाहेरच होतं. पण सांगून त्यांना काही बरं वाटलं नसतं. मी शेजारी बसले. ते चहा प्यायले. मग म्हणाले, शेजाऱ्यांचं तुटलेलं कुंपण उद्या आपणच बांधून देऊ, त्या लोकांचा काय दोष. सकाळी आम्ही दोघांनी मिळून तार ओढली.