वाटीतलं प्लास्टिक

माझा वरचा एक पुढचा दात शेजारच्या दातावर चढून बसला होता. त्यामुळे लहानपणापासून हसताना माझा हात आपोआप तोंडावर जायचा. लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत हसलेली नाही. बघणाऱ्याला वाटावं, पोरीला धरून आणून उभी केलीय. साताऱ्याहून लग्न होऊन बेंगळुरूला बनशंकरीत आले, वर्षभरात नोकरी लागली, आणि पहिलं ठरवलं ते हे, की दात सरळ करून घ्यायचा. "आता लग्न झालंय, दात कुणाला दाखवायचेत?" असं नवरा हसत म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मला दाखवायचेत, आरशात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तेव्हा दात सरळ करायचे म्हणजे तारा. पण आम्हाला सापडलेले डॉक्टर बाहेर काही नवीन शिकून आले होते. ते दातांचा साचा घेऊन त्यावरून पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर बनवायचे. त्याला अलायनर म्हणायचं. तीन आठवडे एक घालायचं, मग पुढचं, आणि दात हळूहळू सरकत जाणार. फक्त खाताना काढायचं. ते तोंडात असताना कॉफीही प्यायची नाही, असं त्यांनी बजावलं. डाग पडत असतील, असं मी धरून चालले.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी, पण तिच्यात निम्मं कन्नड. आणि उष्ट्याचं तर विचारू नका. पाणी वरून प्यायचं, भांड्याला ओठ लागला की ते भांडं मोरीत. पहिल्याच दिवशी मी तोंडातलं अलायनर काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी बेसिनजवळच्या खिडकीत एक छोटी स्टीलची वाटी आली. "तुझं ते इथं ठेव," एवढंच म्हणाल्या. मी काय समजायचं ते समजले. सकाळी उठले की अलायनर वाटीत टाकायचं, कॉफी, अंघोळ, उप्पीट, मग ब्रश करून ते दातांवर चढवायचं आणि ऑफिसला पळायचं.

दवाखान्यात ते कसं टक्कन बसलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बसेना. मागून डुगडुगायचं, पुढून हिरडीत रुतायचं. अंगठ्यानं दाबून दाबून चढवलं. संध्याकाळपर्यंत गालाला आतून फोड. मला वाटलं, दात सरकताहेत, असंच होत असेल. डॉक्टरांनी हातात घेऊन फिरवून पाहिलं. "हे वाकलंय. पर्समध्ये टाकता का?" म्हटलं, नाही हो. त्यांनी दुसरं करून दिलं. तेही चार दिवसांत तसंच.

मी चक्रावून गेले. दवाखान्यात बसणारी वस्तू घरी येऊन का बसत नाही? माझ्याच तोंडात काही दोष आहे का? मी झोपेत दात खाते का, असंही नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू जागेपणीच खातेस." मी काढताना कुठला कोपरा आधी धरते, डावा की उजवा, हे आठवत बसायचे. कधी वाटायचं, बेंगळुरूचं पाणीच वेगळं असेल. इतकी वेड्यासारखी झाले होते.

तिसरं देताना डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "हे शेवटचं. पेशंट घालणार नसेल तर मी काही करू शकत नाही. हेही असंच झालं तर मी केस बंद करतो." मी ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पाचव्या दिवशी ते डुगडुगलं.

त्या सकाळी नवरा म्हणाला, "खरं सांग, घालतेस ना?" एवढंच. पण मला इतकं लागलं की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दात गेला खड्ड्यात, पण माझ्या शब्दाला घरात काही किंमत आहे की नाही? दवाखान्यात जायच्या दिवशी त्याला वेळ नव्हता. सासूबाई अचानक म्हणाल्या, "मी येते गं." मला नको होत्या. नाही कसं म्हणणार?

डॉक्टरांनी अलायनर टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना कन्नडमध्ये सांगायला लागले, की तुमची सून हे घालत नाही, कुठंतरी टाकून ठेवते. माझं कन्नड तेव्हा भाजीवालीपुरतंच होतं, पण एवढं कळलं. मी मान खाली घातली.

सासूबाई एकदम ताठ झाल्या. त्यांना मी घरात कधी इतकं मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. ही पोरगी खोटं बोलत नाही, त्या आपल्या मराठी-कन्नड मिसळीत म्हणाल्या. सकाळचं आवरणं आणि जेवण सोडलं तर एक मिनिट ते तोंडातून काढत नाही, गालाला फोड आले तरी नाही. मला माहीत आहे, कारण रोज सकाळी ही अंघोळीला गेली की मीच ते चिमट्यानं उचलते आणि त्यावर बिसी नीरु ओतते, चांगलं उकळलेलं. लेकरांच्या दुधाच्या बाटलीला करायचे तसंच.

बिसी नीरु म्हणजे गरम पाणी. हे मात्र मला पक्कं येत होतं.

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की अम्मा, हे प्लास्टिक गरम पाण्यानं वाकतं. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा टेबलाकडे पाहिलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. हसू यायला हवं होतं, तेही नाही. इतके दिवस माझ्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही म्हणून मी झुरत होते, आणि ज्या बाईचा विश्वास होता तिनंच रोज सकाळी माझं अलायनर शिजवलं होतं. आणि ते माझ्या काळजीनं की उष्ट्याच्या किळसेनं, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नीट सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी चौथं करून द्यायचं कबूल केलं. रिक्षात सासूबाई घर येईपर्यंत बाहेरच बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "तुला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "आई, मीही सांगायला हवं होतं." काय सांगायला हवं होतं, ते मलाच माहीत नव्हतं.

चौथं मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी अंघोळ करून बाहेर आले, तर त्या बेसिनपाशी उभ्या. चिमटा कुठंच नव्हता. नळ बारीक सोडला होता आणि माझं उष्टं प्लास्टिक दोन बोटांत धरून त्या गार पाण्यात धूत होत्या, तोंड किंचित वाकडं करून. मग ते माझ्या हातात दिलं आणि स्वतःचे हात साबणानं तीनदा धुतले.

मी दातांवर चढवलं. टक्कन आवाज झाला.

"सरी बसलं का? नीट? बघू," त्या म्हणाल्या.

मी दाखवलं. माझा हात तोंडाकडे गेला नाही, हे मला नंतर ऑफिसच्या बसमध्ये आठवलं.