मोठी आईला तीनदा विचारावं लागे

मोठी आईनं उभ्या आयुष्यात पहिल्या विचारण्याला कधी होकार दिला नाही. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, चिचगडची. सकाळच्या एसटीनं निघून, देवरीला गाडी बदलून, दुपारी गोंदियालगतच्या फुलचूरला आमच्या दारात उभी राहायची. ओठ सुकलेले. आणि चहा विचारला की म्हणायची, "नाही वं, आताच त पेली." कुठे प्यायलीस बाई? एसटीत? दुसऱ्यांदा विचारलं की, "कायले तरास घेतेस?" तिसऱ्यांदा विचारलं की हातातली पिशवी खाली ठेवून, "आता तू एवढं म्हनून राहिली त मांड अर्धा कप." आणि मग चांगले दोन कप रिचवायची.

शेजारच्या भाभींना हे काय ठाऊक! त्यांनी एकदा फाटकातूनच विचारलं, "अम्मा, चाय पिओगी?" ही म्हणाली, "नही." भाभी "अच्छा" म्हणून आत गेल्या. झालं! दोन दिवस मोठी आईचं तोंड फुगलेलं. "गोंदियात मानसाची कदर नाही."

"अगं, पण तूच नाही म्हणालीस ना?"

"म्हनली. मंग?"



तिच्या घरी मात्र कुणाचं 'नाही' चालायचं नाही. माझा नवरा पुण्याचा, मोजून जेवणारा. लग्नानंतर पहिल्यांदा चिचगडला गेलो, तर त्यानं 'पुरे' म्हणत ताटावर दोन्ही हात आडवे धरले. हिनं बोटांच्या फटीतून भात वाढला आणि वर गरम वरण ओतलं. भाजला बिचारा. "जवाई लाजून राहिले," ती कौतुकानं म्हणाली. नाही म्हणणाऱ्याला खरंच नको असेल, हे तिच्या डोक्यात शिरतच नसे.

एकदा मी वैतागून म्हणाले, "मोठी आई, हवं तर हवं म्हण, नको तर नको. एकदाच सांगत जा. जीव जातो गं माझा." मी कुठल्या शाळेत शिकले, असा चेहरा करून ती बघत राहिली. "एकदा त कोनीबी विचारते पोरी. बसचा कंडक्टरबी विचारते. ज्याले आपन पाहिजे असतो, तो पुन्हा विचारते." मी कपाळावर हात मारून घेतला.

मोठे बाबा गेल्यावर ती एकटी पडली. मूलबाळ नाही, गुडघे धरलेले, एकदा अंगणात चक्कर येऊन पडलीसुद्धा. गेल्या दिवाळीनंतर, गावोगावी मंडईची जत्रा भरते त्या दिवसांत, मी आधी निरोप धाडून, गाडी करून तिला आणायलाच गेले. म्हटलं, "चल आमच्याकडे राहायला."

"नाही वं. माह्या कोंबड्या कोन पाहीन?"

पुढचं मला पाठ होतं. आता कोंबड्या, मग परसातले वाल, मग 'जवायाच्या घरी कायले'. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आज पुन्हा विचारायचंच नाही. शिकू दे एकदाची. "बरं, तुझी मर्जी," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. ती ओट्यावर उभी होती.

तीन दिवसांनी तिच्या शेजारणीचा फोन. "काऊन नेली नाही वो बाई तिले? तुमी येनार म्हनून कोंबड्या त मले देऊन टाकल्या होत्या तिनं. गठुडंबी बांधून ठेवलं होतं दाराआड."

तशीच निघाले. रस्ताभर रडत होते आणि तीनदा काय, दहादा विचारायची तयारी करत होते. दारात पाय ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मोठी आई, चल ना." ती लगेच उठली. "चाल," म्हणाली. गठुडं अजून तसंच बांधलेलं होतं.

आता ती आमच्याकडेच असते. चहा घेतेस? "दे." भात वाढू? "वाढ." एका शब्दात, खाली बघून, परक्याच्या घरात राहिल्यासारखी. नवरा खूश आहे, म्हणतो, छान रुळल्या. मला मात्र माझाच संताप येतो. मीच शिकवलं हे तिला. चहाचं आधण ठेवताना रोज वाटतं, नाही म्हण गं बाई, एकदा तरी नाही म्हण. मी दिवसभर विचारत बसेन.