माळवदावरचा दात

भिंगारच्या छावणीत दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली हैदर चौदा वर्षं होता. आमच्या वाडीतून रोज सायकलनं जायचा. काम काय, तर चिमटे उकळायचे आणि खुर्ची पुसायची. पण त्याला चौकशीचा भारी नाद. उपटलेला प्रत्येक दात धुऊन निरखत बसायचा. कोणी हसलं की ‘हैदर दात मोजतोय बघ’ म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

एकाहत्तरच्या नागपंचमीला गोजरबाईची मुक्ता झोक्यावरून उतरली आणि परत आलेली फळी तिच्या तोंडावर बसली. समोरचा दात मुळासकट बाहेर आला. तिच्या आजीनं, बनुबाईनं, तो उचलून मातीच्या माळवदावर फेकला. घरातल्या पोरांचे पडलेले दात तिथंच जायचे, म्हणजे नवा लवकर येतो.

रडणं ऐकून हैदर आला. “वय काय हिचं?”

“नववं लागलं.”

“मावशी, हा दुधाचा न्हवता! आता परत यायचा न्हाई.”

बनुबाई वाद घालीपर्यंत तो शिडीवर होता. वर चार दात सापडले. तीन आखूड, मूळ झिजलेले. चौथ्याचं मूळ लांब, धारेला करवतीसारखे बारीक दाते. मुक्ताच्या शेजारच्या दातालाही तसेच दाते होते. मूळ न धरता त्यानं तो पाण्यात बुचकळला. “वाळला तर गेला. गोजरताई, तुम्ही गालात धरा. पोरगी गिळंल.”

एरवी जिची टकळी थांबत नाही, ती गोजरबाई भिंगारपर्यंत टांग्यात मुकी बसली. डॉक्टरांनी दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला.

पुढं रोज संध्याकाळी हैदर गोजरबाईच्या दारात हजर. “आ कर.” मी शेजारीण, मला राहवेना. इतकं काय बघतोस, विचारलं.

“बाई, पूर्वी साहेबांनी एका जवानाचा असाच बसवला हुता. दुसऱ्या दिशी त्याची बदली झाली. टिकला का न्हाई, मला अजून ठावं न्हाई.”

मी कपाळाला हात लावला. म्हणजे यालाच खात्री नव्हती! गोजरबाईला मात्र बोलले नाही.

तार काढायच्या दिवशी मीही गेले. भीती वाटत होती. डॉक्टरांनी दात बोटानं हलवून पाहिला. हलला नाही. गोजरबाई रडायलाच लागली.

चौदा वर्षांत पेशंटच्या तोंडाला कधी हात न लावलेला हैदर हळूच म्हणाला, “साहेब, मी बघू का?”

डॉक्टर खुर्चीपासून बाजूला झाले.